मंत्राला जामीन कोण?

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा माझा पुतण्या सुटीसाठी वऱ्हाडातल्या आमच्या कामरगावी आला आणि उन्हे कलती होताच कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावरच्या निंबाकडे गेला. तेथून आणलेल्या मनगटाएवढ्या फांदीच्या त्याने करवतीने चोवीस चकत्या पाडल्या, चुलीत लाल केलेल्या खिळ्याने प्रत्येकीवर एकेक अक्षर डागले, आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओसरीवर पांढरे धोतर अंथरून त्या साऱ्या चकत्या त्यावर उधळल्या. ती अक्षरे देवनागरी नव्हती आणि मोडीही नव्हती. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, आइसलंड या उत्तरेकडील देशांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यापूर्वी ज्या सरळ-तिरप्या रेघांच्या लिपीत आपली नावे लाकडावर आणि दगडावर कोरून ठेवली, त्या 'रून' नामक लिपीची ती अक्षरे होती. पुतण्याने डोळे मिटले, ओदिन नावाच्या देवतेचे स्मरण केले, तीन चकत्या उचलल्या आणि यंदाचा पाऊस मृगात वेळेवर येईल, पण पुढे ताण देईल, असे गंभीरपणे सांगितले.

भिंतीला टेकून हा सोहळा पाहत बसलेल्या माझ्या आईने, जिच्या आयुष्यात अंगात येणारे, नाडी पाहणारे, धान्य मोजून भूत ओळखणारे असे पुष्कळ येऊन गेले आहेत, त्याची थट्टा केली नाही किंवा त्याला हातही जोडले नाहीत. तिने एवढेच विचारले, "हे सारं खरं असन बाप्पा, पण खोटं निघालं त धराव कोनाले?"

त्या प्रश्नाला पुतण्यापाशी उत्तर नव्हते, आणि पुढे या विषयावरचे जे काही मला वाचावयास मिळाले, ते वाचून झाल्यावर माझी अशी खात्री पटली आहे की, जुन्या उत्तरेकडच्या मंत्रविद्येचे आज जगभर जे पुनरुज्जीवन चालले आहे, त्याचे आणि आमच्या वऱ्हाडातील देवऋषीपणाचे, दोहोंचेही खरे मूल्यमापन याच एका प्रश्नाने होऊ शकते. व्यवहारात कर्ज काढणाऱ्यास सावकार प्रथम जामीन विचारतो. विद्येच्या व्यवहारात मात्र, आणि विशेषेकरून गूढ विद्येच्या व्यवहारात, तो विचारावयास आपण विसरतो. शब्द खरा की खोटा हा वाद पुढचा; तो शब्द खोटा ठरल्यास जाब देण्यास कोण उभा राहील, हा प्रश्न आधीचा आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, माझ्या पुतण्याला ज्या गोष्टीने ओढून घेतले ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ओदिन हा त्या लोकांचा ज्ञानदेव आहे, आणि त्याने ज्ञान कोणत्या भावाने विकत घेतले याची कथा ज्या प्राचीन काव्यांत आली आहे त्यांत ती मोठ्या भेदक रीतीने सांगितली आहे: एका घोटाच्या मोबदल्यात त्याने आपला एक डोळा ज्ञानाच्या विहिरीला दिला, आणि विश्ववृक्षावर, स्वतःच्याच भाल्याने विद्ध होऊन, स्वतःला स्वतःलाच अर्पण करून, अन्नपाण्यावाचून नऊ रात्री तो लटकत राहिला, तेव्हा कोठे ती गूढ अक्षरे त्याच्या हाती लागली. नचिकेत्याने यमाच्या दारी तीन रात्री उपाशी काढल्याची कथा ज्यांच्या कानांवरून लहानपणी गेली आहे, त्यांना ही दुसरी कथा परकी वाटण्याचे कारण नाही. शिवाय भाषेचे नातेही आहेच. आपला 'देव' आणि त्यांचा 'ट्यूर', आपला 'विद्' हा धातू आणि त्यांचे 'जाणणे' या अर्थाचे क्रियापद 'वीता', यांचे मूळ एकच, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद नाही. मराठी माणसाची दृष्टी उत्तर ध्रुवाकडे प्रथम वळवली ती लोकमान्य टिळकांनी. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असावे, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. तो सिद्धान्त पुढील संशोधनाच्या कसोटीस उतरला नाही. परंतु दूरच्या बर्फात आपलेच कोणी तरी राहत असावे ही हुरहूर मराठी मनात तेव्हापासून आहे, आणि कामरगावच्या ओसरीवर निंबाच्या चकत्या उधळणारा मुलगा त्याच हुरहुरीचा एक दूरचा वारस होय.

पण हुरहूर वेगळी आणि परंपरा वेगळी. उत्तरेकडच्या त्या धर्माची परंपरा तुटलेली आहे, आणि ती कशी तुटली याचा दाखला इतिहासात मोठा स्पष्ट आहे. इ. स. १००० च्या सुमारास आइसलंडच्या 'आल्थिंग' या लोकसभेत जुन्या आणि नव्या धर्माचे लोक हातघाईवर आले, तेव्हा निवाडा थोर्गैर नावाच्या विधिवक्त्यावर सोपविण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. एक अहोरात्र तो पांघरूण डोक्यावरून घेऊन स्तब्ध पडून राहिला आणि उठून त्याने निर्णय दिला की, देशात कायदा एक राहावयाचा असेल तर धर्मही एक असावा, सबब सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. चोरून यज्ञ करण्याची आणि घोड्याचे मांस खाण्याची सवलत काही काळ राहिली, ती पुढे गेली. त्यानंतर सुमारे दोन शतके लोटल्यावर, स्नोरी स्तुर्लुसोन या ख्रिस्ती सरदाराने, तरुण कवींना जुन्या उपमा कळेनाशा झाल्या म्हणून, इ. स. १२२० च्या सुमारास देवकथांचा तो ग्रंथ रचला ज्यावाचून आज आपणांस त्या देवांविषयी फारच थोडे कळले असते. देवकाव्यांचे जे मुख्य हस्तलिखित आहे, तेही तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि त्याची पंचेचाळीस पाने तेवढी उरली आहेत. म्हणजे ज्यांनी हे देव कागदावर उतरवले ते त्या देवांचे उपासक नव्हते, आणि जे उपासक होते त्यांनी कागदावर काही उतरवले नाही.

या चकत्यांचेच पाहा. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांचे वर्णन करताना लिहिले आहे की, ते लोक फळ देणाऱ्या झाडाची फांदी तोडून तिचे तुकडे करीत, त्यांवर खुणा करीत, ते पांढऱ्या वस्त्रावर उधळीत आणि तीन उचलून भाकीत सांगत. माझ्या पुतण्याचे धोतर तेथून आलेले आहे. पण त्या खुणा रून लिपीतल्याच होत्या असे टॅसिटस सांगत नाही. जी चोवीस अक्षरे आज पुस्तकांतून शिकवितात ती जुन्या लिपीची. ज्या काळास आपण व्हायकिंगांचा काळ म्हणतो त्या काळात लिपी सोळा अक्षरांवर आलेली होती. शिवाय प्रत्येक अक्षराचे जे भविष्यसूचक अर्थ सांगितले जातात, त्यांचा काही भाग मध्ययुगीन अक्षरकाव्यांतून आणि मोठा भाग विसाव्या शतकातील लेखकांच्या कल्पनेतून निघालेला आहे. ज्या कोऱ्या चकतीला पुष्कळ संचांत 'दैव' म्हणून मान देतात, ती तर १९८२ साली अमेरिकेत निघालेल्या एका लोकप्रिय पुस्तकाची देणगी आहे. हे सर्व मी पुतण्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमचेही किती विधी शंभर वर्षांपूर्वीचे असतील आणि तुम्ही ते अनादि समजत असाल!" त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि म्हणूनच मी वयाचा मुद्दा सोडून देतो. विधी जुना की नवा यावरून काही ठरत नाही. टॅसिटसच्या त्याच वर्णनातील दुसरी एक गोष्ट मात्र पुस्तके लिहिणाऱ्यांनी गाळली आहे, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे: काम सार्वजनिक असेल तर चकत्या गणाचा पुरोहित उचली, खासगी असेल तर घरचा कर्ता उचली. म्हणजे उचलणारा हात कोणाचा, हे सर्वांस ठाऊक असे. जामीन उघडा होता.

याचे सर्वांत सुंदर चित्र ग्रीनलंडातील एका कथेत आहे. ही कथा तेराव्या शतकातील ख्रिस्ती लेखणीने उतरविलेली असल्यामुळे तीतील प्रत्येक तपशील घडलाच असेल असे मानण्याचे कारण नाही. पण एका भविष्यवादिनीची प्रतिष्ठा त्या समाजाच्या स्मरणात कशी राहिली होती, याचा तो अस्सल दस्तऐवज आहे. ग्रीनलंडात दुष्काळ पडलेला, शिकारीला गेलेले लोक रिकाम्या हाताने परतलेले, काही मुळीच न परतलेले. अशा हिवाळ्यात थोर्केल नावाच्या मातब्बर शेतकऱ्याने थोर्ब्योर्ग या वृद्धेस घरी पाचारण केले. तिच्या नऊ बहिणी होत्या, साऱ्या भविष्य सांगणाऱ्या; आता एकटी तीच उरली होती. ती आली ती काठापर्यंत खडे जडवलेला निळा झगा पांघरून, आतून पांढऱ्या मांजराच्या कातड्याचे अस्तर लावलेली काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी घालून, पितळी मुठीची काठी हाती घेऊन. कोंबडीच्या पिसांची उशी घातलेले उच्चासन तिच्यासाठी मांडले होते. जेवावयास करडाच्या दुधाची पेज आणि त्या घरी असलेल्या सर्व जातींच्या जनावरांची काळजे वाढली, आणि तिच्या हाती जी सुरी होती तिचे टोक मोडलेले होते. हे मोडके टोक कथाकाराने का नोंदविले ते सांगता येत नाही, परंतु त्यामुळे ती बाई एकदम आपल्या ओळखीची होते. आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुइणीच्या अडकित्त्याचे एक पाते असेच तुटलेले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विधीची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. जे गीत गाइल्यावाचून भूतयोनी जवळ येत नाहीत असा समज होता, ते गीत येणारी स्त्री त्या वस्तीत सापडेना. अखेरीस गुद्रीद नावाची एक तरुण मुलगी म्हणाली की, मला मंत्रविद्या येत नाही, पण आइसलंडात माझी दाई हाल्दीस हिने ते गीत मला शिकवले होते. मात्र मी ख्रिस्ती आहे, मला या कामात पडावयाचे नाही. यजमानाने आग्रह केला, गरजवंत माणसांकडे पाहून ती तयार झाली, बायकांनी आसनाभोवती कडे केले, आणि गुद्रीदने ते गीत असे गाइले की इतक्या गोड गळ्याने ते कोणी ऐकले नव्हते. मग थोर्ब्योर्गने सांगितले की दुष्काळ हिवाळ्यापलीकडे टिकणार नाही आणि आजारही हटेल. आणि एकेक जण पुढे होऊन आपापला प्रश्न विचारू लागला.

या प्रसंगाचा अर्थ मी असा लावतो. तेथे विद्या एकटीच्या अंगात नव्हती. ती आसनावरच्या वृद्धेत, कड्यात उभ्या असलेल्या बायकांत, दाईकडून शिकलेल्या मुलीच्या गळ्यात, आणि पेज वाढणाऱ्या घरात वाटलेली होती, आणि त्यांपैकी एक दुवा निखळला असता तर सारे थांबले असते. शिकणे म्हणजे तेथे दाईच्या मांडीवर बसून ऐकणे होते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, थोर्ब्योर्गने जे सांगितले ते भर सभेत सांगितले, मुदत घालून सांगितले, आणि तो हिवाळा संपल्यावर पुढच्या गावी तिचे स्वागत पेजेने होणार की बंद दाराने, हे त्या भाकितावर अवलंबून होते. तिची प्रतिष्ठा हाच तिचा जामीन.

आता वऱ्हाडात या. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तेथील वाघ घराणे अक्षय्य तृतीयेस जी घटमांडणी करते ती साडेतीनशे वर्षांपासून चालत आली आहे असे सांगतात. सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात वर्तुळाकार जागेवर गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, बाजरी, भादली, अंबाडी, सरकी अशी अठरा धान्ये मांडतात. मध्यभागी खड्डा करून त्यात चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि सभोवती पापड, कुरडई, सांडई, पुरी, विड्याचे पान, सुपारी ठेवतात. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे जाऊन धान्याचे दाणे कोठे सरकले, कोणते ढेकूळ किती भिजले, सुपारी पानावर जागेवर आहे की ढळली, हे पाहून कोणत्या महिन्यात पाऊस, कोणते पीक मोघम आणि कोणते जोमदार, आणि राजाची गादी स्थिर की अस्थिर, ते जमलेल्या शेतकऱ्यांसमोर मोठ्याने सांगतात. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत छापून येते आणि कामरगावच्या पारावर वाचले जाते.

हे भाकीत हवामानाचे ज्ञान आहे असे मी मानत नाही. रात्रीतून दाणे सरकतात ते मुंग्यांमुळे, उंदरांमुळे, वाऱ्यामुळे. ढेकूळ भिजते ते घागर पाझरते त्या बाजूला. त्याचा अरबी समुद्रावरून येणाऱ्या ढगांशी संबंध जोडण्यास आधार नाही, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यावर वर्षानुवर्षे जे आक्षेप घेत आले आहेत ते न्याय्य आहेत. असे असूनही भेंडवळच्या मांडणीला आणि माझ्या पुतण्याच्या चकत्यांना मी एका मापाने मोजणार नाही, कारण भेंडवळला जामीन आहे. तेथे सांगणाऱ्याचे घर ठाऊक आहे, दिवस ठरलेला आहे, शब्द चारचौघांत उच्चारला जातो, आणि दसरा-दिवाळीला कापूस घरात येऊ लागला की शेतकरी पारावर बसून त्या शब्दाचा पंचनामा करतात. आक्षेप घेणाऱ्यांना आक्षेप घेता येतो, तोही याचमुळे. जे उघड्यावर सांगितले जाते तेच खोटे ठरवता येते, आणि जे खोटे ठरवता येते त्याच्याशीच विवेकाला झुंजता येते.

अर्ध्या विद्येविषयी उत्तरेकडील लोक किती सावध होते याचे प्रत्यंतर एगिल या कवीच्या चरित्रकथेत सापडते. प्रवासात एका शेतकऱ्याच्या घरी तो उतरला असता तेथील मुलगी दीर्घ दुखण्याने अंथरुणाला खिळलेली त्याला दिसली. बिछाना उचलून पाहता खाली देवमाशाचे हाड निघाले आणि त्यावर रून अक्षरे कोरलेली होती. शेजारच्या एका तरुणाने तिचे प्रेम मिळावे म्हणून ती कोरली होती, पण अक्षरे चुकली आणि मुलगी आजारी पडली. एगिलने ती खरवडून काढली, हाड जाळले, नवी अक्षरे कोरून उशाखाली ठेवली, आणि ज्यास वाचता येत नाही त्याने कोरू नये या आशयाचे पद्य म्हटले. आधुनिक वाचकास यातला रोग आणि उपाय दोन्ही अविश्वसनीय वाटतील. पण नीतीचा धागा अगदी सरळ आहे. दुसऱ्याच्या बिछान्याखाली, त्याच्या नकळत, स्वतःस न कळणारी विद्या ठेवणे हा त्या समाजाच्या दृष्टीने गुन्हा होता. आमच्या विदर्भातही गुप्त अक्षरांची एक मोठी परंपरा होऊन गेली. ऋद्धिपूर हे ज्यांचे थोर तीर्थ, त्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांसारख्या संशोधकांपुढे ती कुलुपे उघडेपर्यंत जुन्या मराठी गद्याचे भांडार बाहेरच्या वाचकास अज्ञात होते. परंतु त्या लिपीमागे पंथ होता, महंत होता, शिकवणाऱ्याचे नाव होते; शिष्याच्या हातून चूक झाली तर ती कोणाच्या दारात न्यावयाची हे ठरलेले होते. गुरुमुखाने शिकण्याचा खरा अर्थ हाच. त्यात रहस्यापेक्षा जबाबदारी अधिक आहे.

येथे दोन आक्षेप उभे राहतात आणि दोन्ही बळकट आहेत. पहिला असा की, ज्या समाजाला मी जामीन म्हणून उभा करतो, तोच समाज पुष्कळ वेळा गुन्हेगार असतो. गावाने मिळूनच एखाद्या विधवेस चेटकीण ठरवले आहे, गावाने मिळूनच तापलेल्या मुलाला दवाखान्याऐवजी भगताकडे नेले आहे. आणि मरीआईच्या पोतराजाला जन्माच्या आधारे आसूड आणि घागरा देऊन आपल्या अंगावर फटके मारीत हिंडावयास लावणारा समाजही हाच, आणि ज्यांच्या घरी हे ओझे आले त्यांतील अनेकांनी ते स्वतःच्या निश्चयाने खाली ठेवले तेव्हा त्यांना अडविणाराही हाच. युरोपचा अनुभव याहून भयंकर आहे. व्हिएन्नातील ग्विदो फॉन लिस्ट याने १९०८ साली अठरा रूनांची एक स्वकल्पित माला प्राचीन म्हणून प्रसिद्ध केली आणि तिला आर्यवंशाच्या श्रेष्ठत्वाचा अर्थ चिकटवला. पुढे हिटलरच्या पक्षाच्या एस. एस. दलाने तसल्याच खुणा गणवेशावर मिरविल्या, आणि लक्षावधी लोकांच्या कत्तलीवर त्यांची छाया पडली. तेथे समुदाय होता, विधी होता, शपथाही होत्या. तेव्हा केवळ समूह असणे हा जामीन नव्हे, हे मी कबूल करतो. जामीन तो, ज्याच्याकडे विधीमुळे दुखावलेला माणूस फिर्याद नेऊ शकतो. ज्या समूहात दुखावलेल्यास तोंड उघडता येत नाही तेथे जबाबदारी नसते, नुसती दहशत असते.

आणि म्हणूनच महाराष्ट्राने २०१३ साली केलेला जादूटोणाविरोधी कायदा मला धर्मविरोधी तर वाटत नाहीच, उलट आमच्या मंत्रतंत्रांना उशिरा मिळालेला जामीन वाटतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला, चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने तो कायदा संमत केला. त्यात पूजेला, वारीला, कीर्तनाला बंदी नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चमत्काराचा दावा करून लुबाडणे, सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र टाकणे, अशा कृत्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझ्या आईने ओसरीवर विचारलेला प्रश्नच तेथे कलमांच्या भाषेत लिहिलेला आहे: खोटे निघाले, इजा झाली, तर धरावे कोणाला? उत्तर, सांगणाऱ्याला.

दुसरा आक्षेप माझ्या पुतण्याचा आहे. मी कोणाकडून पैसा घेत नाही, कोणाचे भले-बुरे करीत नाही, एकांतात एका देवतेचे चिंतन करतो. मग माझ्याकडे जामीन मागणारे तुम्ही कोण? एकांतातील उपासनेपुरते हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि कामरगावच्या कोणासही ओदिनाची उपासना करावीशी वाटली तर त्यास अटकाव करण्याचा अधिकार ग्रामसभेस नाही. पण उपासना आणि भाकीत यांत अंतर आहे. ज्या क्षणी तो पावसाविषयी बोलला, त्या क्षणी पेरणीस उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या बियाण्याशी त्याचा संबंध आला. कोरडवाहू जमिनीवर सोयाबीनची दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याने पावसाविषयी खेळ म्हणूनही बोलताना जीभ आवरावी.

आणि एकांतातून बाहेर पडून जबाबदारी घेणाऱ्यांचे उदाहरण त्याच बर्फाळ बेटावर आहे. १९७१ च्या एप्रिलमध्ये देवकाव्यांचे ते हस्तलिखित तीन शतकांनंतर डेन्मार्कहून जहाजाने आइसलंडला परत आले तेव्हा ते पाहावयास बंदरावर लोटलेल्या गर्दीला उधाण आले होते. आणि पुढच्याच वर्षी, १९७२ साली, स्वेनब्योर्न बैंतैन्सोन या शेतकरी-कवीच्या पुढाकाराने जुन्या देवांच्या उपासकांची एक संस्था स्थापन झाली, तिला १९७३ साली सरकारमान्यता मिळाली, आणि आज तिचे सभासद पाच हजारांहून अधिक आहेत. स्वेनब्योर्न हा मेंढ्या पाळणारा, जुन्या चालीवर काव्ये म्हणणारा माणूस होता. तो चमत्कार करीत नसे. त्याच्या संस्थेने चमत्काराचा दावा न करता नामकरण, विवाह आणि अंत्यविधी यांची जबाबदारी उचलली, म्हणजे माणसाच्या सुखात आणि प्रेताच्या खांद्याला उभे राहण्याचे काम पत्करले. ती परंपरा तुटलेली आहे असे जे मी वर म्हटले, त्याला एवढी दुरुस्ती मी आनंदाने करतो: ती मंत्राने जोडता येत नाही, खांद्याने जोडता येते.

हीच दुरुस्ती आमच्या प्रांतात अधिक कठोरपणे एकाने केली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या आणि १९५६ साली वलगावनजीक देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी देवळापुढचे बकरे, नवसाची दारू, अंगातली देवी या सर्वांवर हाती खराटा घेऊन प्रहार केले, पण लोकांचे जमणे मोडले नाही. त्याच जमावाला त्यांनी गटार साफ करावयास लावले आणि त्याच लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. आमच्याकडे जिवंत परंपरा असल्याचे भाग्य आहे हे खरे, परंतु जिवंत वस्तूला रोगही होतात, हे त्यांनी ओळखले होते. आइसलंडच्या लोकांना हरवलेल्याचा शोध घ्यावा लागला. आम्हांला हाती असलेल्याची निवड करावी लागेल, आणि ते काम शोधाहून अवघड आहे, कारण त्यात आपल्याच आजीला, आपल्याच भावकीला जाब विचारावा लागतो.

त्या रात्री वाद संपला तो असा. आईने पुतण्याला चुलीतला कोळसा आणावयास सांगितले आणि गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर, तिथी आणि तारीख घालून, त्याचे भाकीत त्याच्याच हाताने लिहून घेतले; खाली त्याचे पूर्ण नाव. अक्षय्य तृतीयेनंतर वर्तमानपत्रात भेंडवळचा अंदाज आला तेव्हा तोही तिने शेजारी लिहवून घेतला. दोन्ही मजकूर अद्याप भिंतीवर आहेत. दसऱ्याला आम्ही ते मोठ्याने वाचणार आहोत. आपल्या घरी कोणीही भविष्य सांगावयास आले, मग ते ओदिनाच्या नावाने असो की मरीमायच्या, तर वाचकांनीही निदान एवढे करावे: एक कोळसा द्यावा आणि भिंत दाखवावी.